हुकूम होईपर्यंत : सावंतवाडीची गंजिफा आणि संथ, बलाढ्य बाजूचा डाव

संथ पण बलाढ्य बाजू घेऊन पत्ते खेळणे ही स्वतंत्र विद्या आहे. हातात मोठी पाने असतात, पण ती लगेच चालत नाहीत. त्यांची वेळ येईपर्यंत मार खावा लागतो, बारीक पाने खर्ची घालावी लागतात, समोरच्याचे काय काय उतरले ते ध्यानात ठेवावे लागते. आजच्या मोबाइल आणि संगणकावरच्या पत्त्यांच्या खेळांत ही बाजू पुष्कळदा महाकाय यंत्रमानवांच्या वाट्याला येते. सिंधुदुर्ग जिल्ह्यात हीच विद्या कितीतरी आधी हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांवर घोटली गेली. ते पत्ते म्हणजे सावंतवाडीची गंजिफा.

गंजिफा इराणच्या बाजूने हिंदुस्थानात आली. बाबराने 1527 साली सिंधच्या शाह हसनकडे गंजिफेचा जोड पाठवल्याची नोंद त्याच्या आठवणींत आहे. अबुल फझलच्या ‘आईन-ए-अकबरी’त बारा रंगांच्या, 144 पानांच्या गंजिफेचे वर्णन आहे. पुढे मोगली गंजिफा म्हणून जी सर्वत्र पसरली ती आठ रंगांची आणि 96 पानांची. ताज, सफेद, शमशेर, गुलाम, चंग, सुर्ख, बरात आणि किमाश हे तिचे रंग. मराठी मुलखात तिला चंगकांचनी म्हणत. हिंदू घरांत आणि दरबारांत मात्र दशावतारी गंजिफा रुजली. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन, परशुराम, राम, कृष्ण, बुद्ध आणि कल्की हे तिचे दहा रंग, प्रत्येक रंगाची बारा पाने, एकूण 120. नवव्या अवताराच्या जागी प्रांताप्रांताने दैवत बदलते. ओडिशात तेथे जगन्नाथ येतो, आणि जुन्या मराठी पंचांगांत नववा अवतार म्हणून विठोबा छापलेला असे. याखेरीज नवग्रहांची 108 पानांची आणि बारा राशींची 144 पानांची गंजिफाही होती. म्हैसूरच्या तिसऱ्या कृष्णराज वडियारांनी तर पानांची संख्या 360 पर्यंत नेली. इतक्या पानांचा खेळ किती जणांना झेपला असेल याची शंका येते. दशावतारी गंजिफा टिकली याचे एक कारण बहुधा हेच, की 120 पाने माणसाच्या स्मरणशक्तीच्या अगदी काठावर बसतात. त्याहून जास्त झाली की खेळाचे पाठांतर होते.

सावंतवाडी संस्थानात ही कला 18व्या शतकात, तिसऱ्या खेम सावंतांच्या काळात तेलंगणातून आलेल्या विद्वानांबरोबर आली अशी परंपरा सांगतात. गावात लाखकाम करणारे चितारी होतेच. चितार आळीत आजही लाकडी फळे, खेळणी आणि रंगीत पाट मिळतात. लाखेचा तोच हात गंजिफेवर चालला. इंग्रजी छापाचे इस्पिक-बदाम-चौकट-किलवर स्वस्तात मिळू लागल्यावर हाताने रंगवलेल्या जोडाला गिऱ्हाईक उरले नाही. 20व्या शतकाच्या मध्यापर्यंत सावंतवाडीत गंजिफा रंगवू शकणारे कारागीर बोटांवर मोजण्याइतके राहिले होते. 1970च्या दशकात सावंतवाडीच्या राजघराण्यातील शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी उरलेल्या जाणत्या हातांकडून ही कला स्वतः शिकून घेतली आणि मोती तलावाकाठच्या राजवाड्यातच कारागिरांना बसवून ती पुन्हा सुरू केली. त्याच सुमारास मुंबईत दीर्घकाळ राहिलेले जर्मन वंशाचे कलासमीक्षक रुडॉल्फ फॉन लायडन भारतीय गंजिफांचा अभ्यास करत होते. 1982 साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात भरलेल्या गंजिफा प्रदर्शनाची सूची त्यांनी लिहिली. 2024 साली सावंतवाडीच्या गंजिफेला भौगोलिक मानांकन मिळाले.

पान हातात घेतले की आधी त्याचा गोलपणा जाणवतो. जुन्या पद्धतीत सुती कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने एकावर एक चिकटवत. त्यावर खडूचा लेप देत, अकीकाच्या दगडाने घोटून पृष्ठभाग गुळगुळीत करत आणि मग गोल चकत्या कापत. आता बहुतेक जाड पुठ्ठा वापरतात. प्रत्येक रंगाची जमीन वेगळी असते, म्हणजे वामनाच्या सगळ्या पानांची एक, परशुरामाच्या सगळ्यांची दुसरी. जमीन वाळली की केसाएवढ्या कुंचल्याने चित्र काढायचे आणि शेवटी लाखेचा हात द्यायचा. राजाच्या पानावर अवतार बैठकीत किंवा देव्हाऱ्यात असतो, प्रधान बहुधा घोड्यावर. उरलेल्या दहा पानांवर त्या अवताराचे चिन्ह तितक्या वेळा काढलेले असते. मत्स्याचा मासा, कूर्माचे कासव, वामनाचा कमंडलू, परशुरामाचा परशू. कोपऱ्यात आकडा नाही, कारण कोपराच नाही. वामनाची अठ्ठी ओळखायची तर आठ कमंडलू नजरेने टिपावे लागतात. सात आणि आठ यांतला फरक डोळ्याला क्षणात कळावा म्हणून चितारी चिन्हांची मांडणी प्रत्येक आकड्याला वेगळी करतो. ही मांडणी निव्वळ शोभेची नसून खेळणाऱ्यासाठी केलेली असते. फक्त चौकटीत लावण्यासाठी जोड घेणाऱ्याच्या ती लक्षातही येत नाही, ही हळहळ वाटण्यासारखी गोष्ट आहे.

आता खेळ. गंजिफा तिघांत खेळतात. 120 पाने पिसून प्रत्येकाला 40 वाटायची. वाटप आणि खेळ दोन्ही उजवीकडे सरकतात, घड्याळाच्या काट्यांच्या उलट. एका हातात तीन पाने पडतात, म्हणजे संपूर्ण डावात 40 हात होतात. 40 ला तिनाने भाग जात नाही, त्यामुळे तिघांचे समान हात होऊन डाव बरोबरीत सुटण्याची सोयच नाही. चंगकांचनीतही 96 पानांचे 32 हात होतात आणि तेही तिघांत समान वाटले जात नाहीत.

सुरुवात कोणी करायची हे वेळ ठरवते. दिवसा डाव मांडला तर ज्याच्याकडे रामाचा राजा त्याची उतारी, रात्री मांडला तर कृष्णाचा राजा ज्याच्याकडे त्याची. राम सूर्यवंशी, जन्म भर दुपारचा. कृष्ण चंद्रवंशी, जन्म मध्यरात्रीचा. मोगली गंजिफेतही हीच जोडी आहे, फक्त तेथे दिवसा सुर्ख म्हणजे सोन्याचे नाणे चढते आणि रात्री सफेद म्हणजे चांदीचे. पहिल्या उतारीला राजाबरोबर एक बारीक पानही टाकायचे, आणि बाकीच्या दोघांनी दोन दोन पाने द्यायची.

प्रत्येक रंगात राजा सर्वांत मोठा आणि प्रधान दुसरा. त्यानंतरची चढउतार सगळ्या रंगांत सारखी नाही. निम्म्या रंगांत दश्शी मोठी, मग नव्वी, अठ्ठी असे करत एक्का सर्वांत लहान. उरलेल्या निम्म्यांत हा क्रम उलटा. तेथे प्रधानाखाली एक्का बसतो, मग दुर्री, तिर्री, आणि दश्शी तळाला. चंगकांचनीत ताज, सफेद, शमशेर आणि गुलाम हे सुलट रंग, तर चंग, सुर्ख, बरात आणि किमाश हे उलट. दशावतारीतही पाच आणि पाच अशी वाटणी आहे. नवख्या माणसाची खरी दमछाक येथे होते. हातातली दश्शी एका रंगात जवळजवळ राजाएवढी मोलाची असते आणि दुसऱ्या रंगात नुसता गाळ.

या खेळात हुकमाचा रंग नसतो. हुकूम म्हणजे त्या रंगातले, त्या घटकेला खेळात शिल्लक असलेले सर्वांत मोठे पान. राजा जन्मतःच हुकूम असतो. राजा पडून गेला की प्रधान हुकूम होतो. तोही गेला की सुलट रंगात दश्शी, उलट रंगात एक्का. ज्याची उतारी आहे तो आपले हुकूम एकामागून एक टाकत जातो, आणि हुकमाला मारणारे पान कोणाकडेच नसल्याने बाकीचे दोघे त्यावर नको असलेली पाने टाकतात. रंगाला रंग द्यायची सक्ती नसते. म्हणून येथे ताकद पानावर छापलेली नसते. ती डावाच्या ओघात पानाच्या अंगी येते, आणि कोणत्या क्षणी आली हे ज्याच्या ध्यानात राहिले तोच तिचा उपयोग करू शकतो.

संथ पण बलाढ्य हात म्हणजे काय ते येथे नीट कळते. 40 पानांच्या हातात सरासरीने तीन ते साडेतीन राजे येतात. दोन-सव्वादोन रंगांत मात्र असे होते की प्रधान आपल्याकडे आणि राजा दुसऱ्या कोणाकडे. राजा आणि प्रधान दोन्ही एकाच हातात येणे सरासरीने एखाद्याच रंगात घडते. ज्याच्याकडे राजे जास्त त्याचा हात वेगवान, तो पहिल्या उतारीपासून पाने गोळा करू लागतो. ज्याच्याकडे प्रधान, दश्शी, नव्वी असा दुसऱ्या फळीचा भरणा आहे त्याचा हात संथ. त्याची ताकद दुसऱ्याच्या राजाखाली दबलेली असते आणि तो राजा बाहेर पडेपर्यंत तिचा काही उपयोग नसतो.

राजा बाहेर काढण्याच्या उतारीला देणी म्हणतात. समजा, एका सुलट रंगात एकाकडे प्रधान, दश्शी, नव्वी आणि तिर्री आहे, आणि राजा दुसऱ्याकडे. पहिल्याच्या हातातले सगळे हुकूम टाकून झाले आहेत, उतारी आता जाणारच आहे. तो तिर्री उतरतो आणि राजा मागतो. राजा असणाऱ्याला तो टाकून हात घ्यावा लागतो. या व्यवहारात पहिल्याचा एक हात गेला, पण प्रधान, दश्शी आणि नव्वी ही तिन्ही पाने त्या क्षणी हुकूम झाली. एक देऊन तीन घेतले. ज्याला देणीची वेळ कळते त्याला गंजिफा कळली असे मानायला हरकत नाही.

पण देणी दिल्यावर उतारी समोरच्याकडे जाते, आणि खरी कसोटी तेथून पुढे लागते. समोरचा आता आपले हुकूम टाकू लागतो, आणि त्याच्या प्रत्येक हुकमावर संथ हातवाल्याला एक पान द्यावे लागते. समोरच्याकडे सलग नऊ हुकूम असतील तर नऊ पाने जाणार. ती नऊ पाने गाळातून गेली तर ठीक. गाळ संपला तर नुकतेच हुकूम झालेले प्रधान आणि दश्शी स्वतःच्या हाताने फेकावे लागतात. म्हणून या खेळात बारीक पानांना जी किंमत आहे ती सहसा कोणी सांगत नाही. मोठ्या पानांचे रक्षण बारीक पानेच करतात. संथ हाताने गाळ उधळायचा नसतो, मोजून ठेवायचा असतो. आणखी एक गोष्ट आहे. समोरच्याची उतारी असताना तो आपले राजे आपणहून टाकणारच, कारण तेच त्याचे हुकूम. तेव्हा आपल्याला काही खर्च न करता आपले प्रधान वर चढतात. देणी फक्त उतारी हातातून निसटताना द्यायची, एरवी धीर धरायचा. डावाच्या शेवटी कोणाकडेच खात्रीचा हुकूम उरला नाही की पाने पालथी करून पिसतात आणि प्रतिस्पर्ध्याकडून एक उचलवतात. तेथे नशीब शिरते, पण तोवर निम्म्याहून जास्त डाव स्मरणशक्तीने ठरलेला असतो. गावोगावी नियमांत बारीकसारीक फरक आहेत. मूळ चौकट हीच.

पाच-तीन-दोन खेळलेल्या कोकणी माणसाला यातले बरेच ओळखीचे वाटेल. तोही तिघांचा डाव, तीस पानांचा, प्रत्येकाला दहा. ठरलेल्या हातांपेक्षा कमी हात झाले की ती तूट पुढच्या डावात पाने ओढून वसूल होते. मालवण, वेंगुर्ले, देवगडच्या किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै मासेमारीला बंदी असते, होड्या झापांखाली असतात, आणि पावसाच्या त्या दोन महिन्यांत पडवीत पाच-तीन-दोनचे किंवा मेंढीकोटचे डाव रंगतात. आता त्याच पडवीत एका कोपऱ्यात मुले मोबाइलवर पत्तेच खेळत असतात. ते पत्ते दिसायला अगदी निराळे असले तरी त्यांच्या मुळाशी असलेला विचार फारसा वेगळा नाही.

या नव्या पत्त्यांची सुरुवात कागदावरच झाली. 1993 साली रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञाने ‘मॅजिक : द गॅदरिंग’ हा खेळ काढला. त्यात प्रत्येक खेळाडू हजारो पानांतून निवडून स्वतःचा जोड बांधून आणतो आणि पान टाकायला मॅना नावाची शक्ती खर्च करतो. शक्ती जमिनीच्या पानांतून मिळते आणि एका पाळीत जमिनीचे एकच पान टाकता येते. त्यामुळे तिसऱ्या पाळीला साधारण तीन मॅना, सातव्याला सात. सात मॅनाचे अजस्र पान सुरुवातीलाच हातात आले तरी सातव्या पाळीपर्यंत ते निरुपयोगी. येथेही पानाची ताकद वेळेशी बांधलेली आहे. गंजिफेत ती वरची पाने बाहेर पडल्याने मोकळी होते, येथे शक्ती साठल्याने.

महाकाय यंत्राच्या बाजूचे सर्वांत नावाजलेले उदाहरणही याच खेळात आहे. 1994च्या एका संचात उर्झा नावाच्या यंत्रविशारदाची तीन जमिनीची पाने आली : खाण, वीजकेंद्र आणि मनोरा. एकेकटे असताना प्रत्येकातून एकच मॅना निघतो. तिन्ही एकत्र पडली की खाण दोन, वीजकेंद्र दोन आणि मनोरा तीन असे सात मॅना देतात. म्हणजे तिसऱ्याच पाळीला सातव्या पाळीची ताकद. या जोडाला खेळाडूंनी ट्रॉन हे नाव ठेवले. पाच यांत्रिक सिंह जुळून एक प्रचंड यंत्रमानव होणाऱ्या ‘व्होल्ट्रॉन’ या 1984च्या मालिकेवरून ते घेतले आहे. तिन्ही जमिनी जुळल्यावर जे उतरते तेही यंत्रच असते. रुपेरी धातूचा गोलेम कार्न सात मॅनाचा, वर्मकॉइल एंजिन सहाचे. त्यांच्यापुढे बहुतेक जोड टिकत नाहीत.

पण तिन्ही जमिनी जुळायच्या असतात, आणि ट्रॉन खेळणाऱ्याचे सगळे कसब तेथेच लागते. 60 पानांच्या जोडात प्रत्येक जमिनीच्या चारच प्रती ठेवता येतात. म्हणून जोडाचा मोठा भाग हवे ते पान शोधून आणणाऱ्या स्वस्त पानांनी भरलेला असतो. समोरचा वेगवान जोड घेऊन आला असेल तर तो तिसऱ्या-चौथ्या पाळीपर्यंत अर्धी लढाई जिंकलेला असतो. ‘ब्लड मून’सारखे एक पान पडले की विशेष जमिनी साध्या डोंगरी जमिनी होऊन बसतात आणि यंत्राचा वीजपुरवठाच बंद पडतो. ज्याने सगळी मोठी पाने भरली आणि जोडणी करणाऱ्या बारीक पानांना जागा दिली नाही त्याचा ट्रॉन हातात मोठी पाने घेऊन हरतो. गाळ संपलेल्या गंजिफेच्या हाताची गत अशीच होते.

पूर्णपणे पडद्यावर जन्मलेल्या खेळांत ‘हार्थस्टोन’चे नाव आधी घ्यावे लागते. ब्लिझार्ड कंपनीने तो मार्च 2014 मध्ये आणला. जोड 30 पानांचा, प्रत्येक बाजूचे प्राण 30. मॅना दर पाळीला आपोआप एकाने वाढतो आणि दहावर थांबतो. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आलेल्या संचात मेक म्हणजे यंत्रांची जात आली. त्या संचात आठ मॅनाचा ‘फो रीपर 4000’ होता, ज्याचा घाव शेजारच्या दोघांनाही बसतो, आणि सात मॅनाचा डॉक्टर बूम, जो पडताना दोन स्फोटक यंत्रे बरोबर आणतो. 2018च्या संचात एक यंत्र दुसऱ्या यंत्राला जोडून मोठे करण्याची सोय आली. सगळी यंत्रे संथच असतात असे मात्र नाही. दोन मॅनाचे ‘मेकवॉर्पर’ पान बाकीच्या यंत्रांची किंमत एकाने कमी करते, आणि त्याच्या जोरावर वेगवान यंत्रजोडही गाजले.

संथ यंत्रबाजू खेळण्याचे गणित येथे स्वच्छ मांडता येते. पहिल्या सात पाळ्यांत एकूण 28 मॅना मिळतो, दहा पाळ्यांत 55. चौथ्या पाळीपर्यंत टाकण्यासारखे पानच जोडात नसेल तर पहिल्या तीन पाळ्यांचा सहा मॅना फुकट जातो आणि तेवढ्यात समोरचा प्राणांवर घाव घालत सुटतो. म्हणून सुरुवातीच्या पानांत मोठे यंत्र आले तर ते बदलून घ्यायचे, लोभ धरायचा नाही. पहिल्या चार पाळ्यांत फक्त तग धरायची : समोरच्याची पाने मारायची, प्राण फार खाली जाऊ द्यायचे नाहीत. प्राण 30 वरून 12 वर आले म्हणून घाबरायचे कारण नसते, कारण शेवटी शून्य होणे तेवढे हार ठरवते. मधल्या पाळ्यांत एका पाळीत दोन मध्यम पाने पडतील असे पाहायचे, आणि सातव्या-आठव्या पाळीपासून दर वेळी एक असे पान, ज्याला उत्तर द्यायला समोरच्याची पूर्ण पाळी जाईल.

अवघड निर्णय तेथेच उभा राहतो. समोर जादूगार असेल तर त्याच्याकडे ‘पॉलिमॉर्फ’ असण्याचा संभव आहे. चार मॅनात कितीही मोठ्या यंत्राची त्याने एक बळाची, एक प्राणाची मेंढी होते. अशा वेळी सर्वांत मोठे यंत्र आधी उतरवणे ही नवख्याची चाल. जाणता खेळाडू दुसऱ्या क्रमांकाचे यंत्र पुढे करतो. ते इतके धोक्याचे असते की समोरच्याला उत्तर द्यावेच लागते. पॉलिमॉर्फ खर्च झाला की पुढच्या पाळीला सर्वांत मोठे उतरते आणि त्याला मारणारे पान बहुधा समोरच्याच्या हातात उरलेले नसते. गंजिफेची भाषा वापरायची तर राजा बाहेर काढला आणि प्रधान हुकूम झाला. ही देणीच आहे. सावंतवाडीच्या दरबारात तिर्री टाकून राजा मागणाऱ्या माणसाने आणि आज यंत्र टाकून पॉलिमॉर्फ मागणाऱ्या मुलाने केलेला विचार एकाच घडणीचा आहे. फरक पाहायचाच तर एक मोठा आहे. गंजिफेत सगळी 120 पाने सर्वांना ठाऊक असतात आणि कोणती गेली ते नेमके मोजता येते. पडद्यावरच्या खेळात समोरच्याने कोणता जोड बांधून आणला आहे हे अंदाजानेच ताडावे लागते. त्या अर्थी गंजिफा अधिक कठोर खेळ आहे, तेथे विसरायला निमित्त नाही.

कोकणातल्या मुलांच्या हातात यापेक्षा जास्त दिसतो तो 2016चा ‘क्लॅश रॉयल’. त्यात पाळ्या नाहीत, वेळ सलग वाहते. आठ पानांचा जोड, आणि शक्ती म्हणून एलिक्सिर, जे साधारण 2.8 सेकंदाला एक या गतीने भरते व दहावर थांबते. शेवटच्या मिनिटात ही गती दुप्पट होते. चिलखती पेक्का सात एलिक्सिरची, दगडी गोलेम आठचा. गोलेमला लागणारे आठ एलिक्सिर पुन्हा भरायला सुमारे 22 सेकंद जातात, आणि तेवढ्यात समोरचा दुसऱ्या बाजूने बुरूज फोडू शकतो. जाणते खेळाडू म्हणून गोलेम नदीकाठी टाकत नाहीत. आपल्या राजाच्या बुरुजामागे, मैदानाच्या अगदी टोकाला टाकतात. तो रांगत पुलापर्यंत येतो तोवर एलिक्सिर पुन्हा जमते आणि त्याच्या पाठीशी दुसरे सैन्य उभे राहते. येथे संथपणाच कामी येतो : गोलेम जितका हळू चालेल तितका त्याच्यामागचा जमाव मोठा. दुसऱ्या बाजूने हल्ला आलाच तर कमी किमतीच्या पानांनी तो थोपवायचा, आणि एखादा बुरूज गेला तरी गोलेमच्या मागची तयारी मोडायची नाही.

या विद्येला आता स्पर्धांचे मैदानही आहे. 2018च्या जकार्ता आशियाई क्रीडा स्पर्धेत ई-स्पोर्ट्स प्रदर्शनीय खेळ म्हणून ठेवले होते, आणि कच्छमधील भुजच्या तीर्थ मेहताने ‘हार्थस्टोन’मध्ये भारतासाठी कांस्यपदक मिळवले. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयी केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी आणली आणि ई-स्पोर्ट्सना त्यापासून वेगळे मानले. पत्ते म्हणजे जुगार, ही समजूत घरोघर पक्की असल्याने हा भेद कायद्यात आला हे बरे झाले. गंजिफाही पैसे लावून खेळली जात असे, पण तिचा जीव पैशात कधीच नव्हता.

दशावतारी नाटकांच्या या जिल्ह्यात दहा अवतारांची ओळख करून द्यावी लागत नाही. जत्रेच्या रात्री ते समोर येऊन उभे राहतात. त्यामुळे दशावतारी गंजिफेचे रंग पाठ करायला येथल्या मुलाला दुसऱ्या कोणापेक्षाही कमी वेळ लागेल. डावाची अक्कल त्याला मोबाइलने आधीच दिलेली आहे. राहते ती मांडामांड : तिघे भिडू, एक जोड आणि नियम सांगणारा कोणीतरी. शाळांनी आणि वाचनालयांनी सुट्टीत एखादी दुपार यासाठी राखायला हरकत नाही. मानांकन मिळाल्याने गंजिफा विकली जाईल, भेट म्हणून दिली जाईल, भिंतीवर लागेल. कारागिराच्या पोटासाठी तेही हवेच. पण वामनाच्या अठ्ठीवर चिन्हे ज्या काळजीने मांडलेली असतात ती कोणीतरी घाईत ओळखावीत यासाठीच. सावंतवाडीला जाणाऱ्या वाचकांनी राजवाड्यात जोड विकत घेताना त्याचे नियमही आवर्जून विचारून घ्यावेत, आणि घरी आल्यावर तिघांनी बसून निदान एक डाव शेवटपर्यंत खेळावा.